थंड चुली आणि उतरवलेली दारे

पूर्वी शाल्मलीनगरात प्रियसेन राजाचे राज्य होते, आणि त्या काळी बोधिसत्त्व तेथील एका सुताराच्या घरी जन्मला होता. हात कसबी, बोलणे कमी, काम चोख. होता होता तो राजसुतार झाला आणि नगरातले सगळे सुतार त्याच्या शब्दाबाहेर जाईनासे झाले.

त्या नगरात एक जुना नियम होता. राजाच्या आजोबांच्या काळी मोठी साथ आली होती. घरेच्या घरे ओस पडली, त्यांत चोर लपू लागले, पडक्या भिंती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर कोसळू लागल्या. तेव्हा आजोबांनी ठरवून दिले की, ज्या घरची चूल सात दिवस पेटली नाही ते घर ओसाड समजावे. घरांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे गृहपालाने, माणसे पाठवून चुलीतली राख हाताने चाचपावी. मग दवंडीवाल्याने दारापुढे उभे राहून ‘या घरात कोणी आहे का?’ असे तीनदा विचारावे. उत्तर आले नाही तर राजसुताराने दार उतरवावे. दार उतरले की घर संपले, जागा राजाची. त्या काळी नियम शहाणपणाचाच होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे आजोबा गेले, साथ गेली, नियम मात्र ठणठणीत राहिला.

प्रियसेन मनाने फार हळवा. सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही, लोकांची पोटे खपाटीला गेली, तेव्हा याला अन्न गोड लागेना. त्याने चौकात अन्नछत्र उघडले. दुपारी नगारा वाजला की ज्याला भूक आहे त्याने यावे, पोटभर जेवावे. लोक भात घरी नेऊन विकतील अशी गृहपालाला शंका, म्हणून जेवायचे ते तिथेच बसून. आणि वाढायला कोण? स्वतः राजा! कमरेला उपरणे बांधून, हातात पळी घेऊन तो रोज पंक्तीतून फिरायचा. एवढे सोपे नाही हो ते. भर उन्हात हजार पानांवर भात वाढून बघा एकदा, म्हणजे कळेल.

त्याच वर्षी नगरात बेघर माणसे दिसू लागली. आधी पाच-पंचवीस होती, मग शंभर झाली. देवळांच्या ओट्यांवर, वडाखाली, जिथे सावली मिळेल तिथे. राजाने त्यांच्यासाठी निवारा बांधायला काढला. शंभर खोल्या झाल्या, त्या भरल्या. आणखी शंभर बांधल्या, त्याही भरल्या. राजाने दोन हत्ती विकले, राणीने गळ्यातले काढून दिले. परराज्यातले दूत यायचे आणि तोंडात बोटे घालायचे. बेघरांवर इतका खर्च करणारा राजा आम्ही पाहिला नाही म्हणायचे. राजाला बरे वाटायचे, कोणाला वाटणार नाही? ही माणसे येतात कुठून, एवढे मात्र त्याने एकदाही विचारले नाही.

निवाऱ्यातल्या खाटा बोधिसत्त्वाने केल्या होत्या. दुष्काळात लाकूड कुठून आणणार? राजाच्या कोठारात उतरवलेली दारे रचून ठेवली होती, तीच त्याला मिळाली. दोन फळ्या जोडायच्या, चार पाय ठोकायचे, झाली खाट. दारे त्यानेच उतरवलेली होती. दर दुपारी गृहपालाची माणसे यादी देत, तो रिकाम्या गल्लीत जाई, रिकाम्या घराचे दार काढी आणि परत येई. घरात कधी कोणी भेटले नाही, म्हणून घरे ओसाडच असणार असे तो धरून चालला. बोधिसत्त्व झाला तरी तोही चुकलाच, आणि हे शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, कधी लपवले नाही.

एके दिवशी यादीत बुरूडगल्लीतले एक घर होते. दवंडीवाला आणि दोन सुतार घेऊन बोधिसत्त्व तिथे गेला, तर दारातच एक बाई बांबूच्या कामट्या सोलत बसलेली. ती चंपिका. नवरा वारला होता, घरात ती आणि तिचा आंधळा सासरा, दोघेच.

बोधिसत्त्व गोंधळला. “बाई, हे घर ओसाड आहे असं यादीत लिहिलंय.”

“हो का?” चंपिका म्हणाली. “मग मी कोण, हडळ? पाय बघा माझे, सरळ आहेत की उलटे ते.”

“चूल सात दिवस पेटली नाही म्हणतात.”

“पेटली नाहीच! पेटवून वर काय ठेवू, माझं कपाळ? मी जेवते राजाच्या छत्रात. मामंजींचा हात धरून रोज घेऊन जाते. सगळी गल्ली तिथंच जेवते. तुमची माणसं येतात दुपारी, नगारा वाजला की. तेव्हा घरात असणार कोण, उंदीर?”

“मग आज तुम्ही कशा घरी?”

“मामंजींना ताप आहे. त्यांना टाकून जाऊ? म्हणून आज आम्ही दोघं उपाशी.” तिने कामट्या बाजूला ठेवल्या. “आता तुम्हीच सांगा सुतारदादा. तिकडं जेवायला गेलं तर घर जातं. घर राखत बसलं तर जीव जातो. करायचं काय माणसानं?”

बोधिसत्त्वाने शेजारच्या घरांकडे पाहिले. एकेका चौकटीत नुसता अंधार होता. चंपिका बोट दाखवून सांगू लागली. हे पिंगलक कासाराचं, हे माझ्या नणंदेचं, ते पलीकडचं तेलिणीचं. सगळी माणसे आता निवाऱ्यात होती. सगळ्यांची दारे याच सुताराने उतरवली होती आणि त्यांच्याच खाटा करून त्यांना झोपायला दिल्या होत्या.

बोधिसत्त्वाला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला, आधी स्वतःचा. तीनशेच्या वर दारे झाली होती, आणि एकदाही त्याने आत डोकावून कोणाचे गाठोडे आहे की नाही ते पाहिले नव्हते.

“बाई, कोणी राजाला सांगितलं का नाही हे?”

“गृहपालाला सांगितलं. तो म्हणतो नियम आहे. आणि राजाला कसं सांगायचं? तो समोर उभा राहून मायेनं पानात भात घालतो. त्याच्याकडं तोंड वर करून, तुझ्यामुळं माझं घर गेलं असं म्हणायला जीभ रेटते का?”

बोधिसत्त्वाने पटाशी आणि हातोडा तिच्या ओट्यावर ठेवला. सोबतच्या सुतारांना म्हणाला, “आजपासून एकही दार उतरवायचं नाही. आपल्यातल्या प्रत्येकाला सांगा. जो उतरवील त्याच्या पंक्तीला मी बसणार नाही.”

गृहपालाचे नाव सोमरक्षित. माणूस दिसायला नीटनेटका, बोलायला गोड आणि नियमाला पक्का. ओस पडलेल्या जागा कोणाला द्यायच्या हे त्याच्या हाती होते, आणि त्यातल्या बऱ्याच जागांवर त्याच्या मेहुण्याची मिठाची कोठारे उभी राहिली होती. तेवढा एक नियम त्याचा स्वतःचा होता म्हणा. दुसऱ्या दिवशी, सुतार हटून बसले हे कळताच, तो बोधिसत्त्वाला राजापुढे घेऊन गेला.

बोधिसत्त्वाने जे पाहिले ते सांगितले. मध्ये थांबला नाही, शब्द मऊ केले नाहीत. “महाराज, छत्रात जेवणाऱ्याची चूल थंड राहते. थंड चुलीचं दार उतरतं. दार उतरलेला निवाऱ्यात येतो. मग आपण निवारा वाढवता. मी आता एकही दार उतरवणार नाही, आणि निवाऱ्याची एकही खाट करणार नाही.”

राजाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “मी हत्ती विकले या लोकांसाठी! माझ्या हातांना फोड आलेत पळी धरून! आणि तू मला सांगतोस, त्यांना मी बेघर केलं?”

“होय महाराज.”

दयाळू माणसाला त्याच्या दयेबद्दल बोललेले सर्वांत जास्त झोंबते. प्रियसेनाला इतका राग आयुष्यात आला नव्हता.

“उद्या दुपारी,” तो म्हणाला, “त्या बुरुडणीचं दार तू उतरवशील. नाही उतरवलंस तर तुझा उजवा हात जाईल. आणि दार काय, गृहपालाची माणसं कुऱ्हाडीनं फोडतील.”

“दार मी उतरवणार नाही,” बोधिसत्त्व म्हणाला आणि नमस्कार करून बाहेर पडला.

तो तडक निवाऱ्यात गेला. माणसे जेवून आली होती, खाटांवर बसली होती. त्याने त्यांना सगळे सांगितले, ही फळी कोणाच्या दाराची तेही सांगितले. पुष्कळांना ते ठाऊक होते. पिंगलक कासार म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या दाराच्या कडीची भोकं आहेत ना या खाटेला. बोलून काय उपयोग?”

“उद्या दुपारी बुरूडगल्लीत चंपिकेचं दार फोडणार आहेत,” बोधिसत्त्व म्हणाला. “मी तिथं असेन. तुम्हीही या. नगारा वाजला तरी छत्रात जाऊ नका. आपापल्या घरात जाऊन उभे राहा, दार नसलं तरी.”

यावर गलका झाला. एकजण ओरडला, “आणि राजा रागावून छत्र बंद करील तर? मरायचं का आम्ही?” दुसरा म्हणाला, “इथं निदान डोक्यावर छप्पर आहे. तुमचा हात तुमच्यापाशी ठेवा, आमच्या पोटावर पाय नका देऊ.” त्यांचे काही चूक नव्हते. एक दिवसाचा उपास काय असतो हे भरल्या पोटी बोलणाऱ्याला समजत नाही, आणि बोधिसत्त्वाच्या घरी तेव्हाही दोन वेळची भाकरी होती.

तेवढ्यात चंपिका आली. सासऱ्यासाठी वाटीभर पेज मिळते का ते बघायला आली होती ती. दोन दिवसांची उपाशी, पण आवाज खणखणीत.

“छप्पर आहे म्हणतोस? अरे, उद्या तुझ्या लेकीचं लग्न ठरलं तर वरात कुठून काढशील, खोली क्रमांक ऐंशीतून? मी दोन दिवस जेवले नाही, मेले का? तुम्हाला एक दुपार जड होते? नका येऊ. मी एकटी बसेन दारात. पण मग उद्यापासून माझ्या शेजारच्या खाटेवर बसून घराच्या आठवणी काढून रडायचं नाही कोणी. कान किटलेत माझे!”

येतो असे कोणी म्हटले नाही. पिंगलक कासार तेवढा खाटेवरून उठला आणि छत्रातून लपवून आणलेली भाताची मूठ त्याने तिच्या सासऱ्यासाठी तिच्या हातावर ठेवली. बाहेर न्यायला बंदी होती, तरी तिने ती सगळ्यांदेखत पदरात बांधली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात नगारा वाजला. पानांच्या रांगा मांडल्या होत्या, भाताच्या ढिगाऱ्यातून वाफ येत होती. राजा उपरणे बांधून, पळी घेऊन उभा होता. कोणी आले नाही. नगारा पुन्हा वाजवला. एक कुत्रे आले, पान हुंगून गेले. राजाला वाटले, सण तर नाही आज? मेले की काय सगळे? हजार पानांपुढे भरली पळी घेऊन तो एकटा उभा होता. आपला भात कोणाला नको आहे, ही गोष्टच त्याला नवीन होती.

“कुठं आहेत माणसं?” त्याने विचारले.

मग तो तसाच, पळी हातात घेऊन, गल्ल्यांकडे निघाला. अन्नछत्र उघडल्यापासून दुपारच्या वेळी त्याने गल्ली पाहिली नव्हती. दुपारी तो चौकात असायचा ना!

बुरूडगल्लीत सोमरक्षित हजर होता. कुऱ्हाडवाले होते, हात तोडणाराही एक होता. चंपिकेच्या उंबऱ्यावर ती आणि बोधिसत्त्व खांद्याला खांदा लावून बसले होते. राजाला पाहून बोधिसत्त्व उभा राहिला, पण दारातून सरकला नाही.

“महाराज, नियमाप्रमाणे आधी तीनदा विचारायचं असतं,” तो म्हणाला. “आज आपण स्वतः विचारा. उत्तर आलं नाही तर दारही घ्या आणि हातही घ्या.”

सोमरक्षित घाईने म्हणाला, “महाराजांनी कशाला तसदी घ्यायची? दवंडीवाला आहे की.”

“थांब,” राजा म्हणाला. मग त्याने मोठ्याने विचारले, “या घरात कोणी आहे का?”

आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मग म्हाताऱ्याचा. “आहे! म्हातारा आहे, ताप आहे, भूक आहे! अजून काय काय पाहिजे?”

राजाने मान वळवली. शेजारच्या घराला दार नव्हते. तो तिकडे दोन पावले गेला. सोमरक्षित म्हणाला, “ते तर मागच्याच वर्षी ओसाड ठरलंय, महाराज.” राजाने तरी विचारले.

“आहे!” पिंगलक कासार अंधारातून पुढे आला. मागे त्याची बायको होती, दोन मुली होत्या.

राजा पुढच्या घरापाशी गेला. “आहे!” त्याच्या पुढच्या घरी विचारायच्या आतच उत्तर आले. मग तो विचारायचा थांबला, पण उत्तरे थांबली नाहीत. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पलीकडच्या तेलीगल्लीतून, कुंभारवाड्यातून आवाज येत राहिले. आहे! आहोत! एका जागी घरच उरले नव्हते, मिठाचे कोठार होते. त्याच्यापुढे एक कुटुंब उभे होते. त्यातली बाई ओरडली, “इथंही आम्हीच आहोत! हे मीठ मागाहून आलंय!”

सगळे उपाशी होते. पण एकही जण चौकाकडे वळला नाही.

राजाच्या हातातल्या पळीवर भात वाळून गेला होता. तो म्हणाला, “माझ्या मनात वाईट नव्हतं रे.”

“नव्हतंच, महाराज. म्हणून तर कोणाला बोलता आलं नाही.”

“मी या बाईला निवाऱ्यातली सगळ्यात चांगली खोली देतो,” राजा घाईघाईने म्हणाला. “माझ्या महालाशेजारची.”

“खोली नको,” चंपिका म्हणाली. “माझं घर आहे हे. द्यायचंच असेल तर तांदूळ कच्चे द्या, आणि चार काटक्या. शिजवायचं मला येतं.”

इतकी साधी गोष्ट! दोन वर्षे मंत्री, गृहपाल, परराज्यातले दूत, कोणाच्या डोक्यात आली नाही. ज्याला सुचली असती त्याला कोणी विचारले नव्हते. राजाला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. चुलीचा नियम त्याने त्याच जागी मोडला. धान्य आणि जळण घरोघर पोचवायची आज्ञा दिली. सोमरक्षिताचे पद काढून घेतले आणि मेहुण्याला मीठ उचलायला तीन दिवस दिले.

मग त्याला आठवले. “सुतारा, तुझा हात तोडायची आज्ञा मी भर सभेत दिली आहे. तिचं काय करू?”

बोधिसत्त्वाने उजवा हात पुढे केला. “हात हजर आहे, महाराज. पण खाटा मोडून तीनशे दारं परत बसवायची आहेत. तेवढी होऊ द्या, मग घ्या.”

राजा म्हणाला, “मग आधी तेच कर.” पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही.

निवारा तसाच राहिला, पण लहान झाला. ज्यांना खरोखर कोणी नव्हते, अशी चाळीसेक माणसे तिथे राहिली, आणि त्यांना नीट ठेवले गेले. परराज्यातले दूत पुढच्या वर्षी आले, तेव्हा त्यांना दाखवायला काही उरले नव्हते. गल्लीगल्लीतून धूर निघत होता, एवढेच. ते निराश होऊन गेले. राजाही दोन-चार दिवस रुसल्यासारखा वागला म्हणतात. मग सावरला.

ही कथा शास्त्यांनी विहाराच्या अंगणात सांगितली. त्या दिवशी फाटकाबाहेर काही बेघर माणसे बसली होती, आणि एक भिक्षू म्हणाला होता, “त्यांना उरलेला भात दिला की झालं. ते कुठले, का आले, हे विचारून आपल्याला काय करायचंय?”

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे या विहाराला रोज धान्य पाठवणारा उपासक यशोमित्र. अंध सासरा म्हणजे तिकडे भिंतीला टेकून बसलेला स्थविर कुशलक. त्या जन्मी ज्या चंपिकेने मला जागे केले, ती आजची भिक्षुणी मुक्तिका. आणि दार उतरवायला नकार देणारा तो सुतार मीच होतो. त्याआधी तीनशे दारे उतरवणाराही मीच.”

“आणि गृहपाल कोण होता, भगवन्?” कोणीतरी विचारले.

शास्त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. अंगणातल्या पाच-सहा जणांनी आपसूक मान खाली घातली. ‘विचारून काय करायचंय’ म्हणणारा तो भिक्षू उठला, फाटकाबाहेर गेला आणि पहिल्या माणसाशेजारी जमिनीवर बसला. “दादा, तुमचं घर कुठं होतं?” त्याने विचारले.

खरे काय ते कळल्यावर तिथून तसूभरही न हलणे, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती पूर्ण केली.